डाकारहून आलेलं दुसरं पत्र

फळ्यावर खडूनं लिहिलेलं खोटं ओल्या फडक्यानं पुसलं की संपतं, असं तुम्हाला वाटतं का?

मला वाटलं होतं. नऊ वर्षं मी तसंच धरून चाललो आहे. या नऊ वर्षांत हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना त्यांच्या शेवटच्या आजारात नाही. ज्या मित्रांबरोबर सभांमधून सत्यासाठी घसा फोडून घेतला, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखतही असाल. आमच्या पेठेतल्या चौकात मंडळाचा काळा फळा होता, त्यावर रोज सकाळी बातम्या लिहिल्या जायच्या. येता-जाता तुम्ही कधी तो वाचायला सायकल टेकवून थांबला असाल, तर ते अक्षर माझं होतं.

सरळ मुद्द्यावर यायला हवं. पण येता येत नाही — लिहायला बसलो की हात दुसरीकडेच वळतो. म्हणून आधी थोडं घरचं सांगतो. सबब म्हणून नाही. ही खोड मला कुठून लागली ते तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि मालकाच्या परवानगीनं चळवळीची पत्रकं छापून घ्यायचे. आमच्या घरी डबा पत्रकात बांधला जायचा, फडताळात पत्रकं अंथरलेली असायची, आणि मी पहिलं वाक्य जोडून वाचलं ते "कामगार बंधूंनो, जागे व्हा" हे. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी वाटायचं पत्रक वडील आदल्याच दिवशी जुळवून ठेवायचे. "कालच्या प्रचंड मोर्चानं सरकारचे डोळे उघडले आहेत." मोर्चा अजून निघायचा असायचा! मी एकदा विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "आपण खोटं लिहीत नाही रे विनू. आपण थोडं आधी लिहितो."

आणि मग ते खरं व्हावं म्हणून ते गल्लोगल्ली फिरून माणसं गोळा करायचे. हा पुढचा भाग मी शिकलो नाही. मी फक्त आधी लिहायला शिकलो.

आता यासीन आणि सुधाकर.

यासीन खडकीचा. त्याचे वडील — आम्ही सगळे त्यांना हमीदचाचा म्हणायचो — दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते, क्वार्टरमध्ये राहायचे. सुधाकर आमच्याच पेठेतला, मास्तरांच्या घरातला. आम्ही तिघं कॉलेजात एकत्र आलो ते सायकलींमुळे. तास बुडवून धायरीवरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं, पिठलं-भाकरी खायची, जगाला शिव्या द्यायच्या आणि परत यायचं. अशाच एका फेरीत ठरलं की जगाला नुसत्या शिव्या देण्यापेक्षा जगभर फिरावं. अणुबाँबच्या विरोधात, सायकलवर, पुण्यापासून पुण्यापर्यंत. यासीन म्हणाला, "माझ्या बापाचं पोट दारूगोळ्यावर चालतं, म्हणून मीच जायला पाहिजे." सुधाकर त्याला म्हणाला, "तू पंक्चर काढतोस म्हणून तू जायला पाहिजेस. तत्त्वज्ञान आम्ही बघतो."

तीन पासपोर्ट काढले. तिसरा माझा होता.

निघायच्या दोन आठवडे आधी मी सांगितलं की वडिलांची तब्येत बरी नाही, मला येता येणार नाही. वडिलांना खोकला होता. फक्त खोकला. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटली होती. नकाशावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामधली ती निळी जागा बघितली की मी नकाशा मिटून ठेवायचो. तिथपर्यंतचा बहुतेक रस्ता पायाखाली असणार होता, तिथे मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीवर, दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीवर जायचं होतं. मी राहिलो. यासीननं माझ्या सायकलची चांगली चेन काढून आपल्या सायकलला लावली आणि म्हणाला, "तू नाही तर तुझी चेन तरी येऊ दे."

हा माझा कबुलीजबाब नाही. भिणं हा गुन्हा नसतो, निदान एवढा मोठा नसतो. पण तिथून मी त्या प्रवासाची "पुणे कचेरी" झालो. त्यांची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची आणि मी ती फळ्यावर लिहायचो. खडू साखरेच्या पाण्यात भिजवला की अक्षर ठसठशीत उमटतं आणि लवकर पुसलं जात नाही — ही माझी युक्ती. "आपले वीर बसऱ्यात." "आपले वीर तुर्कस्तानच्या बर्फात." बातमीत 'आपले' हा शब्द मी मुद्दाम घालायचो. पेठेतली माणसं थांबून वाचायची. दर रविवारी सकाळी हमीदचाचा खडकीहून सायकल मारत यायचे, पायजम्याला क्लिपा लावलेल्या, फळ्यासमोर उभे राहून ओठ हलवत वाचायचे आणि कारखान्याच्या जुन्या पासाच्या पाठीमागे ते वाक्य जसंच्या तसं उतरवून न्यायचे. यासीनच्या आईला वाचून दाखवायला.

वर्ष-सव्वा वर्षात ते दोघं इटलीपर्यंत गेले, तिथून ट्युनिसला उतरले, सहारा मालट्रकच्या टपावर बसून ओलांडला आणि आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, डाकारच्या बंदरात पोचले. इथून ब्राझील सगळ्यात जवळ. सुधाकरनं लिहिलं होतं, "नकाशावर चार बोटांचं अंतर."

त्यानंतर डाकारहून पहिलं पत्र आलं. ते सुधाकरचं होतं. निळं हवाई पत्र, घाईत लिहिलेलं. "जहाज मिळालं! माल घेऊन ब्राझीलला चाललंय, आम्ही डेकवर रंगकाम करायचं, बदल्यात प्रवास. गुरुवारी निघतोय. आठ दिवसांत पलीकडे."

मी पोस्टाचा शिक्का बघितला. पत्राला यायला सोळा दिवस लागले होते. बोटांवर हिशेब केला — गुरुवार कधीच होऊन गेला, आठ दिवस उलटले. म्हणजे आत्ता, मी हे वाचत असताना, ते पलीकडे आहेत! जिथे जायला मी घाबरलो ती निळी जागा त्यांनी ओलांडली होती, आणि निदान ते लिहिणारा पहिला माणूस तरी मीच असणार होतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून मी अख्खा फळा पुसला आणि एकच वाक्य लिहिलं. "आपल्या वीरांनी अटलांटिक महासागर ओलांडला! यासीन व सुधाकर ब्राझीलच्या भूमीवर!"

थोडं आधी लिहिलं. एवढंच.

तुम्ही म्हणाल, यात खोटं काय, ही तर घाई. बरोबर आहे. त्या दिवशी मीही तुमच्यासारखाच निर्धास्त होतो. मंडळाच्या अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. सुधाकरच्या घरी शिरा झाला. हमीदचाचांना कुणीतरी कारखान्यात निरोप दिला आणि ते रविवारची वाट न बघता संध्याकाळीच आले. फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग पेढ्यांचा पुडा उघडून येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत सुटले. "आमचा पोरगा समुंदर पार गेला," असं प्रत्येकाला सांगायचे. मला पेढा देताना त्यांनी विचारलं, "ब्राझीलमध्ये मशीद असंल ना रे विनू?" मी म्हणालो, असेल चाचा, असणारच. मला काय माहीत होतं? पण मी तेही आधीच सांगून टाकलं.

दुसरं पत्र त्यानंतर पाच दिवसांनी आलं.

ते माझ्यासमोर आहे. नऊ वर्षं मी ते जपलं — का, ते मलाही सांगता येत नाही. घड्यांवर चिरत चाललं आहे. ते यासीनचं आहे. जसं आहे तसं उतरवतो :

"विनू, गुरुवारचं जहाज गेलं, आम्ही धक्क्यावरच. सायकलीसुद्धा वर चढवल्या होत्या. कप्तानानं पासपोर्ट बघितले आणि म्हणाला, ब्राझीलवाल्यांनी तुम्हाला उतरू दिलं नाही तर मी काय जन्मभर तुम्हाला घेऊन फिरू? सायकली उतरवल्या. आता एकच वाट आहे. इथला एक एजंट भला माणूस आहे. तो म्हणतो, हिंदुस्थानातल्या बोटीच्या धंद्यातल्या कुणा जाणत्या माणसानं तुमच्याबद्दल हमीची तार केली, तर येत्या एक तारखेला एक जहाज आहे, त्यावर घालतो. आम्हाला इथे तेवढेच दिवस राहायची परवानगी आहे. मग परत. तर तू हे फळ्यावर लिही. मोठ्या अक्षरात लिही. पुण्यात रिटायर माणसांना तोटा नाही, त्यात एखादा बोटीवरचा निघेलच. सुध्याला ताप आहे म्हणून मी लिहितोय. बंदरात शेंगदाण्यांचे डोंगर आहेत, पण चटणी कुणाला ठाऊक नाही. अब्बांना यातलं काही सांगू नको, काळजी करतील. तुझी चेन अजून टिकून आहे."

एक तारखेला अकरा दिवस होते.

काय करायला हवं होतं, हे तुम्हाला दिसतं आहे ना? मलाही दिसत होतं. ओलं फडकं घ्यायचं आणि लिहायचं : "चूक झाली. ते अजून डाकारलाच आहेत. मदत हवी आहे." तीन छोटी वाक्यं. खडूचा एक तुकडा पुरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र सदऱ्याच्या खिशात घालून मी फळ्यासमोर उभा राहिलो. फळा पुसला. खडू हातात घेतला. मागे दूधवाला थांबला होता, वाचायला. म्हणाला, "काय मालक, आज ब्राझीलचं काय?" आणि मी लिहिलं — "उद्या पेठेत पाणी येणार नाही."

तिसऱ्या दिवशी लसीकरणाची सूचना लिहिली. चौथ्या दिवशी मंडळाची बैठक. त्या बैठकीत ठरलं की दोघांच्या घरच्यांचा सत्कार करायचा. मी तिथेच बसलो होतो, खिशावर हात ठेवून, जणू कागद खिशातूनच ओरडेल. आता बोललो तर अध्यक्ष काय म्हणतील, सुधाकरची आई काय म्हणेल, हमीदचाचांनी वाटलेल्या पेढ्यांचं काय — हे सगळं मी मनात उगाळत होतो. यासीननंच लिहिलंय ना अब्बांना सांगू नको म्हणून, असंही मी स्वतःला बजावलं. बघा, माणूस किती खाली जातो! त्याच्या मायेचीच मी आडोशाला भिंत केली. पण यातलं कुठलंच खरं कारण नव्हतं. खरं कारण एवढंच की पेठेत मी सत्य लिहिणारा म्हणून ओळखला जात होतो आणि एकदाच, फक्त एकदाच, "मी चुकीचं लिहिलं" असं लिहायची माझी छाती नव्हती.

जेवण जाईना. पोस्टमनची घंटा वाजली की दुसऱ्या कुणाआधी मीच दाराशी धावायचो. आणखी एक पत्र आलं तर? आलं नाही. त्यांना वाटत असणार, विनू धावपळ करतोय.

सहाव्या दिवशी बर्वे आले.

बर्वे म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनिअर, तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून आमच्या चौकाच्या पलीकडच्या गल्लीत निवृत्त होऊन राहिलेले. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं! सकाळी स्वेटर घालून फिरायला जाणारा, फळ्यावरच्या शुद्धलेखनाच्या चुका काठीनं दाखवणारा एक म्हातारा, एवढीच माझी ओळख. त्यांनी काठीनं फळ्याच्या चौकटीवर टकटक केलं.

"अहो संपादक."

"मी संपादक नाही, मी नुसता फळा लिहितो."

"तेच ते. खडूवाले संपादक. पुसायला बरं. मागच्या आठवड्यात आपण मुलांना समुद्रापार पाठवलंत. जहाजाचं नाव नाही दिलंत."

मला शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातलं एक नाव आठवलं. "सांता मारिया," मी म्हणालो.

"अस्सं," बर्वे म्हणाले. "म्हणजे अमेरिका शोधायला निघालं होतं ते. पावणेपाचशे वर्षं झाली, अजून चालतंय म्हणायचं. बांधणी चांगली असणार."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून, वेगळ्याच सुरात म्हणाले, "हे बघा, मी विचारलं ते उगाच नाही. डाकार माझं माहितीतलं बंदर आहे. तिथला आमचा एजंट माझ्या हाताखाली शिकलेला. पोरं तिथे अडकली असती, तर एका तारेचं काम होतं. तशी अडकतात, कप्तान लोक ऐन वेळी नाही म्हणतात. म्हणून विचारतो. गेली ना नक्की?"

पत्र माझ्या खिशात होतं. माझ्या छातीला लागून. त्यांच्या काठीपासून हातभर अंतरावर. यासीननं ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो माणूस, पुण्यातला तो एकच माणूस, आपल्या पायांनी चालत येऊन माझ्यासमोर उभा होता आणि वाट बघत होता. मला आजही वाटतं, त्यांना कळलं होतं. त्यांनी दार उघडून धरलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "गेली."

"मग उत्तम," बर्वे म्हणाले. "माझा पोस्टापर्यंतचा हेलपाटा वाचला." आणि काठी टेकत निघून गेले.

हा कबुलीजबाब त्या एका 'हो'चा आहे. फळ्यावरचं वाक्य लिहिताना मला खरं माहीत नव्हतं. हा 'हो' मी सगळं माहीत असताना म्हणालो. पुढचे पाच दिवस मी रोज त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत येत होतो. एकदा जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेलो. आतून रेडिओवर बातम्या ऐकू येत होत्या. मी तिथूनच परत फिरलो.

एक तारीख आली. त्या दिवशी फळ्यावर मी सुविचार लिहिला. कोणता, ते विचारू नका.

सात महिन्यांनी ते दोघं परत आले. परवानगी महिन्या-महिन्यानं वाढवून घेत ते डाकारलाच थांबले होते; माझं उत्तर नाही म्हणून पुन्हा लिहिलंही नव्हतं. शेवटी एक जहाज मिळालं, पण ते उलट्या दिशेचं — आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला येणारं. पुण्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा न्यायला कुणी नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. तसेच सायकलींवरून चौकात आले. चहाच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "काय मंडळी, ब्राझीलमध्ये हवा कशी होती?" यासीननं सरळपणे सांगितलं, "ब्राझीलला आम्ही गेलोच नाही." आणि सगळं दुकान हसलं. तुम्हाला आमची पेठ माहीत असेल, तर ते हसू कसं असतं तेही माहीत असेल. "असं होय! मग अटलांटिक काय मुठेला पूर आला होता तेव्हा ओलांडलात?"

यासीन तिथून तडक माझ्या घरी आला. वाळला होता, डोळे पिवळट दिसत होते. माझी चेन त्यानं काढून, पुसून, कागदात बांधून आणली होती. ती माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "विनू, आम्ही पोचलो असं फळ्यावर कशावरून लिहिलंस?"

मी सांगू शकलो असतो. तेव्हाही. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"सुधाकरचं पत्र होतं," मी म्हणालो.

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. सुधाकरचं पत्र होतंच! पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाला शब्द कुठे तोडायचा ते बरोबर कळतं.

"आणि माझं? मी नंतर लिहिलेलं?"

"तुझं काही आलं नाही."

तो म्हणाला, "म्हणजे सुध्यानं मला न सांगता लिहिलं. तापात होता, खरं. पण पोचलो म्हणून लिहायचं?" मी काही बोललो नाही. त्याला सुधाकरचं पत्र बघायचं होतं. मी म्हणालो, आता सापडत नाही. ते टेबलाच्या खणात होतं. तो टेबलापासून दोन पावलांवर बसला होता.

पुढचं मी जवळून बघितलं. यासीननं सुधाकरला विचारलं. सुधाकर म्हणाला, मी फक्त जहाज मिळालं एवढंच लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. यासीनला वाटलं, सुधाकर तोंडावर नाकबूल करतोय. सुधाकरला वाटलं, यासीननंच बापाला खूश करायला पोचल्याची थाप मारली असणार आणि आता ती आपल्या गळ्यात बांधतोय. सहाऱ्यात एका बाटलीतलं पाणी घोट-घोट वाटून प्यायलेली ती दोन माणसं. त्यानंतर एकमेकांशी बोलली नाहीत. आजपर्यंत.

आणि पेठेनं न्याय केला. इथे मला लिहिताना लाज वाटते, पण हे गाळलं तर सगळंच खोटं होईल. दोघांपैकी खोटं कोण बोललं असेल, हे ठरवायला कुणालाही दोन मिनिटं लागली नाहीत. "सुधाकर साधा हो, मास्तरांचा मुलगा. त्यालाच फसवलं असणार त्या खडकीवाल्यानं." खडकीवाल्यानं! काहींनी तेवढंही आडून म्हटलं नाही, सरळ त्याची जात काढावी तसा धर्म काढला. मी त्या वर्षी "धर्माच्या नावानं माणसं तोडू नका" असं चार पानी पत्रक लिहिलं होतं, त्याच चौकात उभं राहून वाटलं होतं. आणि त्याच चौकात हे ऐकताना मी खाली बघून खडू भिजवत होतो. एका वाक्यानं ती तोंडं बंद झाली असती. ते वाक्य माझ्याकडे होतं.

हमीदचाचा नंतर कधी फळा वाचायला आले नाहीत. त्यांनी ज्यांना ज्यांना पेढा दिला होता, त्यांच्यासमोरून जाताना ते सायकलवरून उतरायचे आणि मान खाली घालून चालत जायचे, असं मला कुणीतरी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ते गेले. आपला मुलगा खोटं बोलला की मुलाचा मित्र, हे ठरवता न येताच गेले.

बर्व्यांनी मला पुढे कधी काही विचारलं नाही. दोघं परत आल्याचं त्यांनाही कळलं असणार. फळ्यावरच्या चुका दाखवणं मात्र त्यांनी बंद केलं. जाताना फळ्याकडे बघायचेच नाहीत. वर्षभरात मी फळा लिहायचं सोडलं. कारण सांगितलं, वेळ होत नाही.

हे आत्ताच का लिहितोस, असं तुम्ही विचाराल. गेल्या महिन्यात एका सभेसाठी खडकीला गेलो होतो. परतताना सायकल पंक्चर झाली. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पुढे जा, डाव्या हाताला ब्राझील आहे, त्याच्याकडे टाका." मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं : यासीन.

होय. ते त्याचं नाव झालं आहे. नव्या लोकांना तर ते कशावरून पडलं हेही माहीत नाही. "ब्राझीलकडे हवा भर." "ब्राझील आज बंद आहे." तो त्या नावाला ओ देतो.

त्यानं मला बसायला फळकूट दिलं, ट्यूब काढली, पाण्यात धरली. केस पांढरे व्हायला लागलेत. दुकानाच्या भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा लावलेला आहे, त्यावर तांबड्या शाईनं पुण्यापासून निघालेली रेघ. समुद्र, वाळवंट, सगळं ओलांडत ती डाकारपर्यंत येते आणि किनाऱ्यावर थांबते. पुढे सगळं निळं. मी त्याकडे बघतोय हे त्यानं पाहिलं.

"लोक म्हणतात, जरा पुढे ओढ की रेघ, कोण बघायला आलंय," तो म्हणाला. "मी म्हणतो, जिथपर्यंत गेलो तिथपर्यंतच."

मग त्यानं मान वर करून विचारलं, "सुध्या भेटतो का रे? बरा आहे ना?"

मी म्हणालो, धायरीच्या शाळेत आहे, मास्तर आहे, बरा आहे. आणि सायकल घेऊन निघालो. त्या दिवशीही मी बोललो नाही. खडकीच्या पुलापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो, हवा पूर्ण भरलेली असताना.

मी हे पत्रक स्वतः जुळवलं आहे. आधी नाही, सगळं होऊन गेल्यावर, फार उशिरा. पहिली प्रत यासीनच्या हातात देणार, तिच्यासोबत त्याचं ते पत्र. दुसरी धायरीला सुधाकरकडे, तिच्यासोबत त्याचं. हे वाक्य तुम्ही वाचत आहात याचा अर्थ मी तसं केलेलं आहे. या दोन प्रती पोचवल्याशिवाय बाकीचा गठ्ठा सोडणार नाही. ते काय म्हणतील ते मी लिहून ठेवलेलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं तर ते दार त्यांचं आहे.

माझ्यासाठी तुमच्याकडे मागण्यासारखं काही नाही. पण एक काम करा. तुमच्या चौकात अजून असा फळा असेल, तर उद्या सकाळी तो पुसा आणि खालचा मजकूर त्यावर लिहा. खडू आधी साखरेच्या पाण्यात भिजवा, म्हणजे टिकेल. माझं नाव गाळू नका.

"यासीन आणि सुधाकर डाकारच्या बंदरात मदतीची वाट बघत थांबले होते. ते कधीच खोटं बोलले नाहीत. खोटं फळ्यावर विनायकनं लिहिलं, आणि त्यांचं पत्र त्याच्या खिशात होतं."